बांबूतला फासा
वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला सानगडीकडचं ते जंगल आठवतं. लग्नानंतरचा माझा पहिलाच उन्हाळा होता आणि मी मोठ्या जाऊबाईंबरोबर सकाळीच मोहफुलं वेचायला निघाले होते. दाट बांबूतल्या अरुंद वाटेवर माझा पाय अडकला नि मी तोंडावर पडले. घोट्याभोवती तारेचा फासा आवळला होता. “ओढू नोको, आणखी आवळन,” जाऊबाई खाली बसत म्हणाल्या. “डुकरासाठी लावला हाये. उघड्या धानाच्या बांधीत लोक कुत्रे घेऊन डुकरामागं धावतेत. इथं बांबूत दोन हातावरचं दिसत नाही, म्हून वाटेवर तार लावतेत.” त्या फास सैल करत असतानाच समोरचा पाला वाजला. एक अस्वल आमच्याकडे तोंड करून उभं होतं. त्याचा घोगरा श्वास मला ऐकू येत होता. “तुम्ही पळा,” मी कशीबशी कुजबुजले. जाऊबाई उठल्या, पण माझ्यापुढेच उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या डब्यावर विळा बडवत अशा किंचाळल्या, की अस्वल वळून बांबूत शिरलं. मग त्या मटकन खाली बसल्या. शेवटी तार मीच काढली. “काहून नाही पळाल्या?” मी विचारलं. “पायच उचलत नव्हते वं,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी रडायला लागलो. आता घरात कुणी त्यांच्या धाडसाचं कौतुक करू लागलं की त्या हळूच माझ्याकडे बघतात, आणि पायांची ती गोष्ट मी आमच्या दोघींतच ठेवते.