‘आता काय?’ विचारणाऱ्या बाई

त्या गेम स्टुडिओचा इतिहास सांगायला बसलेला प्रत्येक जण दोन भावांपासून सुरुवात करतो. थोरला प्रोग्रॅम लिहायचा, धाकटा चित्रं काढायचा आणि झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत दोघं व्हिडिओ गेम बनवायचे. हे सगळं खरं आहे. पण त्याच खोलीत दाराजवळ, टेलिफोनपाशी एक बाई बसायच्या. त्यांची आठवण सांगणाऱ्याला शेवटी होते, तीही झाली तर. खरं म्हणजे त्यांच्यापासूनच सुरुवात व्हायला हवी.

बाई तेव्हा चाळिशीच्या होत्या. आधी बारा वर्षं एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारलेले, त्यामुळे आवाज खणखणीत आणि चिकाटी दांडगी. इथलं काम म्हणजे फोन घ्यायचे, कुरिअरवर सही करायची, किल्ल्या सांभाळायच्या. गेमशी त्यांचा संबंध एवढाच की, घरी लेक खेळत असली म्हणजे जेवायला चार हाका माराव्या लागत.

भावांचा पहिला गेम साफ आपटला. खाणीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचं, असा तो खेळ होता. विकत घेणारे कळवत, की पहिल्याच खोलीतून बाहेर पडता येत नाही. थोरल्याचं म्हणणं, लोकांना डोकं चालवायला नको. तो स्वतः त्या खोलीतून हजारदा बाहेर पडला होता, डोळे मिटूनही पडला असता.

एका दुपारी भाऊ डबा खात असताना बाईंनी विचारलं, मी जरा बसून बघू का. तोंडात घास होता म्हणून थोरल्यानं नुसती मान हलवली. बाईंनी बटणं दाबली, खाणीतला माणूस भिंतीवर जाऊन आदळला. बाईंनी मागं वळून विचारलं, “आता काय?” माणूस जरा फिरवला, परत आदळला. परत तोच प्रश्न. चौथ्या वेळी धाकट्याला हसू आवरेना आणि थोरल्याचा पारा चढला.

“अहो बाई, समोर कंदील लटकतोय, तो घ्यायचा. उघड आहे की.”

“तुम्हाला उघड आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्हीच टांगलाय ना तो. ठेवणाऱ्याला सगळंच दिसतं.”

थोरल्यानं डबा तसाच बाजूला सारला. वर्षभराच्या तक्रारींनी जे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं शिरलं.

दुसऱ्या गेमपासून भिंतीवर फळा आला. बाई खेळत आणि जितक्यांदा ‘आता काय?’ म्हणत, तितक्या रेघा फळ्यावर पडत. मागं उभं राहून कुणी ‘डावीकडे, डावीकडे’ पुटपुटलं, तर त्याची रवानगी बाहेर जिन्यात. थोरल्याचा बराचसा काळ जिन्यातच गेला. पहिल्या दिवशी चौसष्ट रेघा होत्या. भाऊ तेवढ्या जागा दुरुस्त करत, बाई पुन्हा बसत. दीड वर्षानं दोनच रेघा उरल्या, तेव्हा कुठे गेम बाहेर पडला. आणि तो असा चालला, की स्टुडिओच्या एका खोलीच्या सहा झाल्या.

मोठमोठ्या पदव्यांची पोरं आली. त्यांना गंमत वाटे, की ही टेलिफोनवाली बाई आपल्या कामावर रेघा ओढते. महिनाभरात गंमत जिरे. आपल्याला कळलं नाही, हे चारचौघांत कबूल करायला माणसाला किती जड जातं! वर्गात कळत नाही, सभेत कळत नाही, तरी आपण नंदीबैलासारख्या माना डोलावतो. बाईंनी एकदाही खोटी मान डोलावली नाही. अकरा वर्षं, रोज, त्या तीस हुशार लोकांसमोर ‘मला कळलं नाही’ म्हणत राहिल्या, आणि त्यावर सगळा डोलारा उभा राहिला.

मग पाचवा गेम आला, दीपगृहाचा. बाई सकाळी बसल्या त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत खेळल्या. फळा कोरा. पोरांनी टाळ्या पिटल्या, थोरल्यानं त्याच संध्याकाळी गेमची तारीख जाहीर करून टाकली.

घरी मटार सोलता सोलता बाईंचे हात थांबले. दीपगृहाची किल्ली तेलाच्या पिंपामागं होती. ती त्यांनी शोधलीच नव्हती, हात आपसूक तिकडं गेला होता. कारण पिंपामागं लपवायची धाकट्याची खोडच होती आणि ती आता त्यांना पाठ झाली होती. फळा कोरा राहिला तो गेममुळं नव्हे.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गप्प राहा, उगाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. त्याचंही चूक नव्हतं. पदव्यांच्या त्या गर्दीत न कळणं हीच बाईंची एकुलती एक पदवी होती. ती गेली तर त्या खुर्चीत बसायचं कशाच्या जोरावर? बाईंना भीती वाटली.

सकाळी त्या थोरल्याच्या टेबलाशी गेल्या. “गेम सोपा झालेला नाही. मी तरबेज झालेय. माझ्या रेघांवर आता जाऊ नका.”

थोरल्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. “बाई, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं.”

“विकत घेणाऱ्याला कळलं असतं.”

तो उठून खिडकीशी गेला. तारीख, जाहिरात, सगळं बोलून झालं होतं. शेवटी पाठमोऱ्यानंच त्यानं विचारलं, मग खेळायला बसवायचं कुणाला. बाई म्हणाल्या, माझ्याकडं एक माणूस आहे.

तो माणूस म्हणजे त्यांची सख्खी नणंद. बाईंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी वहिनीच्या भाजीत मीठ कमीच आहे, यावर ठाम. मोबाइलवर फोटो काढायला गेल्या, तर स्वतःचंच बोट काढायच्या. वन्सं आल्या, बाईंच्या खुर्चीत बसल्या, खुर्ची किती कुरकुरते यावर मत दिलं आणि खेळू लागल्या. बाई मागच्या स्टुलावर वही घेऊन बसल्या, थोरला दाराशी उभा राहिला. अर्ध्या तासात सव्वीस रेघा झाल्या. दीपगृहाची तारीख चार महिने पुढं गेली, ती तिथंच.

सत्ताविसाव्या वेळी वन्सं पिंपासमोर अडकल्या. इकडं जाऊन झालं, तिकडं जाऊन झालं. शेवटी वैतागून मागं वळल्या.

“वहिनी, तुम्हाला माहीत असेल की. सांगून टाका ना.”

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. “नाही हो वन्सं,” त्या म्हणाल्या, “मला नाही माहीत.”

“कमाल आहे. मग इतकी वर्षं इथं करत काय होतात?”

दाराशी थोरल्यानं रागानं तोंड उघडलं. बाईंनी त्याला हातानंच गप्प केलं, मान खाली घातली आणि वहीत रेघ ओढली.