अस्वलाची बदली

अस्वलाच्या पिंजऱ्यात या खेपेला मोर होते. अस्वलाचा झोक्याचा टायर मात्र तसाच लोंबकळत होता आणि मोर त्याच्यापासून लांबच फिरत होते.

"अस्वल कुठं गेलं हो?" मी झाडलोट करणाऱ्या काकांना विचारलं.

"बदली झाली."

मागे सिंहिणीबद्दल, त्याआधी पाणघोड्याबद्दलही ते हेच म्हणाले होते. प्राणिसंग्रहालयं आपसांत जनावरं बदलतात, मान्य. पण इथून गेलेलं जनावर तिकडे पोचलेलं पाहिलं, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

परवा पुन्हा गेलो. झाडू दुसऱ्याच कोणाच्या हातात होता.

"इथले काका कुठं गेले?"

"बदली झाली," तो खाली मान घालून म्हणाला.

कुठं, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मोरांसारखाच मीही जरा लांब सरकलो.