दाजींची होडी किती घोड्यांची?

जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर हॉर्सपॉवरमध्ये देता येतं असं मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि दुर्दैवानं म्हणा की भाग्यानं, तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. दाजींनी सारा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरलं. आमच्या जुन्नर-आंबेगावात विहिरीवर किती एचपीची मोटर आहे हे विचारल्याशिवाय सोयरीक पुढं सरकत नाही, हे खरं. पण दाजी त्याच्याही पुढचे. ते माणसंसुद्धा एचपीत मोजतात. "सरपंच तसा तीनचा, पर आवाज धाचा काढतोय," असं ते भर पारावर सांगतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढलो तो मी. बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा दाजींनी डेपोत पेढे वाटले आणि टेबलावर थाप मारून जाहीर केलं, "आमचं पावणं आजपासनं साडेसातचं झालं!" विद्यापीठाच्या कागदापेक्षा हा दाखला मला आजही मोलाचा वाटतो, आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही.

चालतं इंजिन दिसलं की त्याची नाडी पाहिल्याशिवाय दाजींना पुढं जाता येत नाही. राजुरीला एका लग्नात पंगत बसली, पानावर जिलेबी पडली, आणि बाहेरच्या जनरेटरचा ठोका चुकतोय म्हणून दाजी उठले ते पंगत उठल्यावर कोपरापर्यंत काळे होऊन परत आले. यजमान हात जोडून म्हणाले, "आवो, जेवायचं राहिलं की तुमचं!" दाजी म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या. त्ये उपाशी व्हतं." खोडदला त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बघायला मी त्यांना मोठ्या हौसेनं नेलं होतं. आकाशातून काय ऐकू येतं, तारे किती लांब आहेत, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. "ही कढई फिरवाया मोटर केवढीये?" एवढंच विचारलं. मोटर लहानच आहे, बाकी गिअरची करामत, असं तिथल्या माणसानं सांगितल्यावर दाजींचा चेहरा पडला. परतीच्या वाटेवर म्हणाले, "सरकारनं हितं बी काटकसर केली राव."

तर असे हे दाजी रिटायर झाले आणि त्यांनी होडी आणली.

त्याचं कारण माझी ताई. दाजींनी साऱ्या तालुक्याला फिरवून आणलं, पण ताईला शेजारी बसवून कुठं नेलं नाही. एसटीत ती बसली तरी मागच्या बाकावर, आणि दाजींचं तोंड काचेकडं. रिटायर झाल्यावर तुला घेऊन फिरायचं, असा शब्द त्यांनी दिला होता. आता दाजींना रस्त्यावर सोडलं तर ते पुढच्या प्रत्येक गाडीला ओव्हरटेक करणार, हे ओळखून की काय, त्यांनी पाणी निवडलं. कोकणातून एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून माळशेज घाटानं वर आणली. आत दोघांना झोपायला फळ्या, चहापुरता ओटा. डिंभ्याच्या धरणात हात बसवायचा आणि मग होडी परत कोकणात नेऊन खाडीखाडीनं हिंडायचं, असा बेत. शीड धड होतं, इंजिन मात्र मेलेलं.

ताईनं होडीभोवती एक चक्कर मारली आणि दोन अटी घातल्या. "वारा उलटा फिरला तरी दिवेलागणीच्या आत काठाला आणील असं इंजिन पायजे. आन त्ये चालू असताना मला तुमचं बोलणं ऐकू आलं पायजे. न्हाईतर मी बसायची न्हाई." ताईचं न्हाई म्हणजे न्हाई. ते किती एचपीचं असतं हे दाजींना संसारभर ठाऊक होतं.

दाजींनी पहिली अट ऐकली, दुसरी ऐकलीच नाही. त्यांनी भंगारातल्या जीपचं धिप्पाड इंजिन आणलं आणि जुन्नरच्या लेथवाल्या चाचांकडून ते होडीत बसवून घेतलं. चाचा म्हणत होते, "दाजी, ये होडी हाय, रणगाडा नाय." पण ऐकतो कोण! पहिल्या चाचणीला आम्ही सगळे काठावर उभे. दाजींनी रेस दिली तसं होडीचं ढुंगण पाण्यात बसलं, नाक वर झालं, आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात बुजलेल्या खोंडासारखी ती जागच्या जागी फुरफुरायला लागली. मागं एवढी लाट उठली की मासेमारी करणाऱ्यांनी जाळी सोडून शिव्या धरल्या. वेग मात्र पायी चालणाऱ्यापेक्षा थोडा जास्त, इतकाच. मी काठावरून ओरडून समजावलं, "दाजी, अशी होडी स्वतःचीच लाट ढकलत जाते. ती लाट तिला ओलांडता येत नाही. लांबी ठरली की वेग ठरला. वरचे घोडे नुसते पाणी घुसळतात. टनाला चार-पाच घोडे पुरे."

"पावणं, तुमी कालेजात शिकला, पाण्यात न्हाई," दाजी ओरडले. ओरडले, कारण इंजिनापुढं दुसरा इलाज नव्हता. ताईनं कानावरचा पदर काढला आणि घरची वाट धरली. दाजी तिच्या पाठीकडं बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी इंजिन बंद केलं ते कायमचंच.

होडीचं वजन सामानासकट दोन टनांच्या आसपास. माझ्या हिशेबानं दहा घोड्यांचं लहान डिझेल इंजिन आलं. दाजींनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू घरात बुटकी सून आली. आणि मग त्यांनी माझं न ऐकता एक उद्योग केला. इंजिन लहान, तर पंखा तरी मोठा! पाण्याखाली फिरणारा, तीन रुंद पात्यांचा, भरपूर पीळ दिलेला पंखा त्यांनी बसवला. दुसऱ्या चाचणीला इंजिन खोकायला लागलं, काळा धूर ओकलं आणि त्याची रेस वर चढेचना. दाजी माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघायला लागले. "बगा! दम न्हाई त्याच्यात!"

तेवढ्यात काठावरून ताईचा आवाज आला. "आवो, माळशेज चढताना टॉप गिअरला टाकत व्हता का गाडी?"

दाजींनी रेस सोडली आणि वाकून पाण्यातल्या पंख्याकडं पाहिलं. पंख्याचा पीळ म्हणजे होडीचा गिअर, हे मी पुस्तकातून आठवडाभर सांगत होतो. ते डोक्यात शिरलं या एका टोमण्यानं. चाचांनी मग लहान व्यासाचा, कमी पिळाचा पंखा करून द्यायचं ठरवलं. त्यातही भांडण झालंच. चाचा म्हणाले दोन पाती, म्हणजे शिडावर जाताना ती उभी करून होडीच्या कण्याआड लपवता येतात, पाण्याला आडवी येत नाहीत. दाजी खवळले. "दोन? आवो, घराच्या छताला बी तीन पात्यांचा पंखा असतो!" चाचांनी शांतपणे विचारलं, "छत कुठं जातंय का, दाजी?"

दोन पाती बसली. तिसऱ्या चाचणीला दाजींनी मुद्दाम दुपार निवडली, कारण दुपारनंतर डोंगराकडून धरणावर वारा सुटतो. मी सोबत होतो. आम्ही वाऱ्याच्या अगदी तोंडावर होडी धरली. इंजिन शिवणयंत्रासारखं टकटक करत होतं, लाटा नाकावर आपटत होत्या, आणि होडी ओझ्याच्या बैलासारखी, घाई नाही आणि थांबणं नाही, अशी काठाला आली. ताई चपला हातात घेऊन उभी होती. दाजींनी हात पुढं केला. तिनं हात न धरता उडी मारली आणि फळीवर मांडी घालून बसली.

मधल्या पाण्यात आल्यावर शीड भरलं आणि दाजींनी इंजिन बंद केलं. एवढी शांतता दाजींच्या आसपास मी कधी ऐकली नव्हती. दाजी ताईला म्हणाले, "भ्या वाटतंय का पाण्याचं? मी हाय."

"पाण्याचं कशाला?" ताई म्हणाली. "लग्नाआधी विहिरीत वरनं मुटका मारायची मी."

मला पोहायला तिनंच शिकवलं होतं. दाजींना हे ठाऊक नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

"मग येवढं दिस भ्या कशाचं व्हतं?"

"तुमच्या घाईचं," ताई म्हणाली आणि हात पाण्यात सोडून बसली.

वारा कमी झाला, शीड ढिलं पडलं, होडी जवळजवळ उभी राहिली. मी सवयीनं इंजिनच्या चावीकडं हात नेला, तर दाजींनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या पावणं," ते हळूच म्हणाले, "कुठं जायचंय?"