कौसाचा घण

शेवगावच्या बाजारतळावर भिकाजी लोहार सांडशीत लालभडक लोखंड धरायचा आणि त्याची बायको कौसा त्यावर घणाचे घाव घालायची. बावीस वर्षं हेच. दम्यानं खंगलेल्या भिकाजीला आता घण पेलवतही नव्हता.

कारागिरांच्या कसल्याशा योजनेचा साहेब फोटो काढायला आला आणि कौसाला म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, कारागीर दिसू द्या."

ती सरकली. भिकाजीनं घण कसाबसा खांद्याला लावला आणि फोटो निघेपर्यंत धापा टाकत उभा राहिला.

अर्ज भरताना साहेबानं त्याला विचारलं, "बायको काय करते?"

"काय न्हाई. घरीच असती," भिकाजी तिच्याकडं न बघता म्हणाला.

साहेब गेल्यावर त्यानं तापलेला कोयता ऐरणीवर धरला आणि घावाची वाट बघत बसला. कोयता काळा पडला. कौसा केव्हाच घरी जाऊन बसली होती.