खांबाजवळची मुलगी

संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारताना मुलींचा खो-खोचा सराव दिसला. एकीने खांबाजवळ असा सूर मारला की मी थांबलेच.

"काकू, बाजूला व्हा, लागेल!" उठता उठता ती ओरडली.

मला रागच आला. विसाव्या वर्षी मीही जिल्ह्याकडून खेळायचे आणि खेळ सोडणाऱ्या मुलींना भित्र्या म्हणायचे. मग नोकरी लागली आणि मीच खेळ सोडला. कुणी अडवलं नव्हतं. संताप त्याचाच होतो, दोष द्यायला माणूसच नाही. तेव्हाची मी आज समोर आली, तर माझ्या तोंडावर थुंकेल. मलाही ती तेव्हाची उद्धट पोरगी घरात नकोच आहे.

मी हलत नाही हे पाहून मुलीने विचारलं, "तुम्ही खेळायचात का?"

"नाही," मी म्हणाले. मला ते खोटं वाटलं नाही.