तिसऱ्या मुक्कामाचं कुलूप

बातमी आली तेव्हा मी भिलाईत, पावर हाउस भागातल्या बाजारात एका टेलरच्या दुकानात उभी होते, आणि माझ्या हातात वामनभाऊजींची बर्फात घालायची पँट होती. बाहेर एप्रिलचं ऊन, दुकानातला पंखा नुसताच आवाज करत होता आणि टेलर त्या गादीसारख्या जाड पँटची बिघडलेली चेन उलटसुलट करून बघत हसत होता. "मैडम, भिलाई में ये पहनेगा कौन?" मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "पहनेगा एक आदमी, अगर कभी घर से निकला तो." तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई एरवी फोनवर भाजी काय केली इथपासून सुरू करते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "शालू, ये"... पँट स्कूटीच्या डिक्कीत कोंबून मी नेहरू नगरला ताईकडे पोचले, तेव्हा फाटकाबाहेर चपलांचा ढीग होता.

वामनभाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोंदियाकडच्या एका खेड्यातून आले, भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, लागले आणि तिथूनच रिटायर झाले. उभा जन्म आगीसमोर काढलेला माणूस. मी उतईच्या शाळेत गणित शिकवते, एकटी राहते, आणि रविवार ताईकडे घालवते, म्हणून या सगळ्या प्रकरणाची मी पहिल्यापासूनची साक्षीदार आहे. साक्षीदार कसली, मीही त्यात अडकलेच होते. त्यांची मुलगी प्रज्ञा नोकरीसाठी फिनलंडच्या उत्तरेला गेली. पहिल्याच हिवाळ्यात तिनं एक व्हिडिओ पाठवला, स्नोमोबाइलवर बसल्याचा. बर्फावरची स्कूटरच ती. पुढे घसरायला दोन पट्ट्या आणि मागे फिरता पट्टा. भाऊजींनी तो व्हिडिओ जेवण गार होईपर्यंत पाहिला. "शालू, पाय, पाय! मागं तं आपला कन्व्हेयरच लावून हाये!" मग कळलं की त्या गाड्यांवरून तिथले लोक पाच-पाच दिवस फिरतात, रात्री जंगलातल्या लाकडी घरांत उतरतात, सकाळी पुढे निघतात. भाऊजी म्हणाले, "आपन चौघं जाऊ." आणि मी, मूर्खासारखी, त्याच रात्री बर्फाची स्वप्नं बघितली. मला खरंच जायचं होतं. अजूनही जायचं आहे.

पण भाऊजी फिरायला जाणारे नव्हतेच, भाऊजी शटडाउन घेणारे होते. भट्टीची दुरुस्ती काढावी तसं त्यांनी त्या सहलीचं नियोजन काढलं. जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली नकाशा आला. रोज किती अंतर, पेट्रोल कुठे, कुठल्या तळ्यावरचा बर्फ कधीपर्यंत टिकतो, दुसऱ्या मुक्कामाला संडास घरात की बाहेर. आम्ही वरणभात वाढायचो तो नकाशावर. मुक्कामाच्या घरांमध्ये सौना असते, गरम वाफेची खोली, हे कळल्यावर मात्र ते खवळले. "जलमभर तेच केलं, आता हौसेनं करू?" मला गाडी चालवण्याची सवय व्हावी म्हणून एका रविवारी ते मला शिवनाथ नदीच्या वाळूत घेऊन गेले. वाळूत स्कूटी कशी डोलते बघ, बर्फातही तशीच डोलेल, हँडलशी भांडू नको... स्कूटी आडवी झाली, मीही आडवी झाले, आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी पावर हाउसच्या एका आइस्क्रीमच्या ठोक व्यापाऱ्याला पटवलं आणि आम्हा तिघांना त्याच्या कोल्ड रूममध्ये बसवलं, हातमोजे आणि हेल्मेट घालून. परीक्षा कसली, तर हातमोजे न काढता थर्मासचं झाकण उघडायचं. ताईनं पहिल्या झटक्यात उघडलं आणि तिथंच, व्हॅनिलाच्या डब्यांमध्ये बसून, शांतपणे चहा प्याली.

इथवर सगळं मजेचं होतं. वैताग सुरू झाला तो कुलपांपासून. कारखान्यात एक नियम असतो. यंत्र दुरुस्तीला बंद केलं की आत जाणारा प्रत्येक माणूस स्विचवरच्या लोखंडी पट्टीत आपलं स्वतःचं कुलूप अडकवतो आणि किल्ली खिशात ठेवतो. काम संपवून बाहेर आला की स्वतःच्या हातानं काढतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही, आणि दुसऱ्याच्या कुलपाला साहेबसुद्धा हात लावत नाही. भाऊजींनी तशीच एक पट्टी जेवणाच्या टेबलाशेजारी भिंतीत ठोकली आणि चौघांच्या नावानं चार कुलपं आणली, ज्याचं त्यानं अडकवायचं. ज्याला जी शंका असेल ती फिटली की त्यानं आपलं कुलूप काढायचं. चारही निघाली की तिकिटं. ऐकायला किती छान! संडास घरातच आहे असं कळल्यावर ताईनं आपलं काढलं. रोजचं अंतर कमी केलं, तेव्हा मी माझं काढलं. प्रज्ञाला शंकाच नव्हती, पण ती सुट्टीवर आली तेव्हा हौसेनं कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकून परत गेली होती. ती व्हिडिओवर हसत म्हणाली, "बाबा, काढून टाका माझं." भाऊजी म्हणाले, "तुयं कुलूप तुयाच हातानं निघन." मी म्हटलं, ती फिनलंडला आहे, आपण तिच्याकडेच जाणार आहोत, तिनं तिकडून येऊन कुलूप काढायचं आणि मग आपण तिकडे जायचं? "हाव," म्हणाले. "नियम म्हंजे नियम." आणि खरोखर, एक अख्खा हिवाळा त्या कुलपापायी गेला. प्रज्ञा पुढच्या सुट्टीत आली, चपला काढायच्या आधी तिनं कुलूप काढलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते, ते मी त्या दिवशी सोडून दिलं.

मग राहिलं एकच. त्यांचं स्वतःचं. विचारलं की म्हणायचे, "तिसरा मुक्काम पटून नाही राहिला मले." तिसऱ्या रात्रीचं घर एका तळ्यापलीकडे होतं आणि तिथपर्यंत रस्ता नव्हता. प्रज्ञानं सांगितलं, गरज पडली तर हेलिकॉप्टर येतं. ते म्हणाले, हवा खराब असली तर? तिनं मुक्काम बदलला, रस्त्याजवळचं घर शोधलं. ते म्हणाले, रस्ता आहे पण दवाखाना किती लांब आहे, पाय. तिनं तिसरा मुक्काम गाळूनच टाकला. तर म्हणाले, मग चौथा आता तिसरा झाला. मी गणिताची मास्तरीण, वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलासमोरही माझा आवाज कधी इतका चढला नसेल. या होळीला मी ओरडलेच. "भाऊजी, तुम्हाला जायचंच नाही! सरळ सांगा, घाबरता म्हणून. नाहीतर मी एकटी जाते." ते चिडले नाहीत. काचेवर सांडलेला गुलाल बोटानं गोळा करत राहिले. "आत जाणं सोपं असते, शालू. माणसाले बाहेर कसं आनतं, ते सांग मले." आणि मग, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ताईलाही जे कधी नीट सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. त्यांचे वडील खेड्यात तापानं फणफणले होते. पावसाळा होता, नाला भरलेला. यांनी आणि भावांनी खाट खांद्यावर घेतली... पलीकडे पोचले तेव्हा खाट हलकी वाटली नाही, पण वडील गेलेले होते. "नाल्याच्या मंधातच गेला असन माया बाप. कोनत्या घडीले गेला, ते बी नाही समजलं आमाले." ताई उठून आत गेली. मी म्हटलं, बरं, पुढच्या हिवाळ्याचं बघू. त्यांना बरं वाटलं. लगेच म्हणाले, "मंग त्या पँटची चेन आताच करून घे, ऐन टायमाले टेलर नाही देत."

आणि भाऊजी गेले कुठे? तळ्यापलीकडे नाही, जंगलात नाही. नेहरू नगरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, नकाशावर चष्मा ठेवून. हायवेला लागून घर. अँब्युलन्स फाटकापर्यंत आली, स्ट्रेचर दारातून न अडखळता आत आलं, दवाखाना गच्चीवरून दिसतो इतका जवळ. सगळं होतं. रस्ता होता, गाडी होती, उचलणारे हात होते, आणि डॉक्टर म्हणाले की हे घरातच गेलेले आहेत. मला तेव्हा रडू आलं नाही, संताप आला. इतक्या शंका काढल्यात ना भाऊजी, इतके मुक्काम रद्द केलेत, मग इथे तर रस्ता होता! कशासाठी अडवून धरलंत आम्हाला? हे मी त्यांच्या फोटोसमोर मोठ्यानं म्हटलं, बुद्धवंदनेला आलेल्या लोकांनी ऐकलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, खुर्च्या उचलल्या गेल्या. प्रज्ञा म्हणाली, "मावशी, या हिवाळ्यात जायचंच. बाबांच्याच रूटनं." ताईनं नकार दिला नाही. तिघींची नजर एकाच वेळी भिंतीकडे गेली. पट्टीत एकच कुलूप लटकत होतं. किल्ली त्यांच्या जुडग्यात होती, जुडगा माझ्या हातात. मी पुढे झाले तर ताई म्हणाली, "हात नोको लावू. नियम हाये त्यायचा." कारखान्यातल्या त्यांच्या बॅचचे साहूजी अजून ओसरीत बसले होते. मी त्यांना विचारलं, कुलपाचा माणूसच नसला तर काय करतात? साहूजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "पहले पूरा एरिया देखते हैं, बहनजी. नाम लेकर आवाज लगाते हैं, हर जगह. आदमी अंदर नहीं है, ये पक्का हो जाए, तभी निकालते हैं."

ताई उठली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. अहो, नाहीतर प्रज्ञाचे बाबा. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं हाक मारली, "वामन..." मग न्हाणीघराच्या दाराशी. मग गच्चीच्या जिन्यात, जरा मोठ्यानं. साहूजी उभे राहिले होते. प्रज्ञानं माझा दंड घट्ट धरला होता. शेवटी झोपायच्या खोलीतून तिची हाक आली. ताई बाहेर आली ती डोळे पुसतच, पण आवाज तिचा नेहमीचा होता. "हायेत ते आत," म्हणाली. "राहू द्या कुलूप."

आता पावसाळा संपत आलाय. पँटची चेन मी करून आणली, ती ताईच्या कपाटात आहे. प्रज्ञा दर रविवारी तिकडून फोनवर विचारते, मावशी, काय ठरलं? मी काय सांगू तिला? रविवारी जेवायला बसते, काचेखाली तेच तळं, तेच मुक्काम, आणि डोळ्यांसमोर ते एक कुलूप. किल्ली आता ताईच्या कमरेला असते आणि ती काही कुलूप काढत नाही, आणि मलाही तिच्याकडे मागवत नाही. कुणावर चिडायचं तेही आता कळत नाही... भाऊजी, तिकडे बर्फ पडायला लागेल. आता तरी बाहेर या, आपल्या हातानं कुलूप काढा. आम्हाला जायचं आहे.