ठणकतंय म्हणजे दहापैकी किती?

“प्रत्येक फेसनंतर दोन दिवस पूर्ण विश्रांती,” मी ठासून सांगितलं. समोर बसलेल्या सात डान्स टीचर्सनी एकमेकींकडे पाहिलं.

“म्हणजे मेकअप उतरवल्यावर?” मागून एकीनं विचारलं.

स्लाइडवरचा शब्द बरोबर होता. आयरिश डान्सच्या स्पर्धेला त्यांचा एक खास शब्द आहे. लिहिताना तो एफ-ई-आय-एस असा लिहितात आणि म्हणताना ‘फेश’ म्हणतात. मी आठवडाभर तो मनातल्या मनात ‘फेस’ असा वाचत होते. मराठी माणसाला ते पटतंही. दिवसभर नाचून तोंडाला फेस येतो, म्हणून फेस. समोरच्या बायकांना मात्र मी चेहऱ्याबद्दल बोलतेय असं वाटलं. त्यात या स्पर्धांना मुली कुरळ्या केसांचे विग लावून, जाड मेकअप थापून जातात. त्यामुळे माझा सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. एकीनं तर तो वहीत उतरवूनही घेतला.

“फेश, डिअर. फेश,” मुख्य टीचर मिस कॅथलीन म्हणाल्या. त्यांचं वय साठीच्या पुढचं, पाठ ताठ आणि आवाज असा की मीसुद्धा पाय जुळवून उभी राहिले.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये माझ्या ट्रेनिंगची ही अशी सुरुवात झाली.

मी फिजिकल थेरपिस्ट आहे. नागपूरला याला आम्ही सरळ फिजिओ म्हणायचो. गावाचंच नाव डब्लिन असल्यामुळे इथं आयरिश नाच जोरात चालतो. आमच्या गल्लीतल्या आयटीवाल्यांच्या मुलीसुद्धा शनिवारी भरतनाट्यम आणि मंगळवारी आयरिश डान्स करतात. त्यामुळे एकाच डान्स स्कूलच्या मुली लंगडत लंगडत आमच्या क्लिनिकमध्ये यायला लागल्या, तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. राग मात्र यायचा. कारण प्रत्येक मुलगी उशिरा यायची, हाड मोडल्यावर.

माझा बॉस ग्रेग म्हणाला, “वर्षा, मुलींवर ट्रीटमेंट करत बसण्यापेक्षा टीचर्सना ट्रेन कर.” त्यानं कॅथलीनबाईंना फोन केला. चार रविवार ठरले.

आता हा नाच काय असतो ते थोडक्यात सांगते. कमरेच्या वरचं शरीर खांबासारखं स्थिर आणि हात अंगाला चिकटलेले. सगळा कारभार पायांचा. उंच उडी मारायची आणि चवड्यावर, गुडघा सरळ ठेवून उतरायचं. म्हणजे धक्का जिरवायला हात नाहीत, गुडघा नाही. तो सगळा जातो नडगीत आणि पावलाच्या बारीक हाडांत. रोज तेच होत राहिलं की हाड आधी दमतं आणि मग तडकतं. दमलेल्या हाडाला आम्ही स्ट्रेस रिअ‍ॅक्शन म्हणतो. तेव्हाच पकडलं तर काही आठवड्यांत सुटका होते. तडकल्यावर पकडलं तर सीझन गेला. माझं सगळं ट्रेनिंग या एका गोष्टीसाठी होतं: टीचरनं ते आधी ओळखावं.

दुसऱ्या रविवारी मी वेदनेचा विषय काढला.

“आम्ही विचारतो की,” कॅथलीनबाई म्हणाल्या. “रोज विचारतो. मुली सांगतात, फाइन.”

“फाइन हे उत्तर नाही,” मी म्हणाले. “आकडा विचारा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही.” हा पेन स्केल, म्हणजे वेदनेची मोजपट्टी. जगभर चालतो. प्रात्यक्षिकासाठी मी ईराला बोलावून ठेवलं होतं. ईरा याच स्कूलमधली, तेरा वर्षांची. तिची आई केतकी माझी मैत्रीण. तीन आठवड्यांनी ईराची आजवरची सगळ्यात मोठी स्पर्धा होती, पहिल्यांदाच सोलो.

“ईरा, पाय कसे आहेत? आउट ऑफ टेन?”

“टू,” ईरा हसून म्हणाली.

मी तिला हॉप टेस्ट दिली. एका पायावर दहा उड्या मारायच्या. हाड दुखावलेलं असेल तर माणूस तिसऱ्या उडीला तोंड वाकडं करतो. ईरानं दोन्ही पायांवर दहा-दहा उड्या मारल्या आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं. कॅथलीनबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बघा, आमच्या मुली. मीही खूश झाले. स्केल चालला, टेस्ट चालली, टीचर्सनी टिपून घेतलं. नाचणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून शिकवतात की काहीही होवो, चेहरा हलता कामा नये. वीस वर्षं हे काम करून हे माझ्या लक्षात आलं नाही.

ब्रेकमध्ये मी कॉफी घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. ईरा शेजारी बसून बूट काढत होती. डावा बूट तिनं जरा जास्तच हळू काढला. मी आपलं सहज विचारलं, “दमलीस का गं?”

“नाही मावशी. पण ना, ठणकतंय.”

माझी कॉफी हातातच राहिली. ईराचं मराठी म्हणजे आनंदीआनंद. ‘मी आली’, ‘माझा आई’ असं चालतं. पण दुखण्याचे शब्द मात्र तिचे पक्के होते. लहानपणी पडलं, ताप आला, कान दुखला की केतकी मराठीतच विचारायची. नेमकं काय होतंय, ठणकतंय की नुसतं दुखतंय? त्या शब्दांत ईराला खोटं बोलायचा सरावच नव्हता.

“कधी ठणकतं?”

“लाइक, झोपते तेव्हा पण. ठण ठण ठण.”

ठणकणं म्हणजे पाय स्वस्थ ठेवला तरी आतून ठोके पडत राहणं. झोपेतही ठणकणारं हाड हे आमच्या धंद्यात लाल दिव्यासारखं असतं.

“मग आत टू का म्हणालीस?”

“बिकॉज टू इज व्हॉट यू से,” ती म्हणाली. “झिरो म्हटलं तर दे नो यू आर लाइंग. थ्री म्हटलं की बसवतात.”

मी तिचा पाय हातात घेतला. दुसऱ्या बोटाच्या मागे जे लांब हाड असतं, त्याच्या मध्यावर बोटानं दाबलं. तिचं हसू गेलं.

“मावशी, प्लीज मिस कॅथलीनना सांगू नका. प्लीज. माझा सोलो आहे.”

मला फार वाईट वाटलं. तिच्या जागी मी असते तर मीही दोनच म्हटलं असतं. पण माझ्यासमोर तिचं पाऊल होतं, आणि ते अजून शाबूत होतं. तीन आठवड्यांनी असेल याची खात्री नव्हती. मी आधी केतकीला फोन केला, मग कॅथलीनबाईंकडे गेले.

“तिला आज थांबवा,” मी म्हणाले. “डॉक्टरकडे न्यायला तिच्या आईला सांगितलंय.”

“पण तिनं सगळ्यांसमोर टू सांगितलं.”

“इंग्रजीत टू सांगितलं.”

“आणि तुमच्या भाषेत किती सांगितलं?”

“आमच्या भाषेत आकडा नाही. नुसता शब्द आहे.”

“मी मोडलेल्या अंगठ्यावर नाचलेय, वर्षा,” त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून आत गेल्या.

गुरुवारी एमआरआयचा रिपोर्ट आला. स्ट्रेस रिअ‍ॅक्शन. हाड दमलं होतं, तडकलं नव्हतं. पायाला गुडघ्यापर्यंतचा बूट लावायचा आणि सहा आठवडे नाच बंद. स्पर्धा गेली. ईरानं माझा फोन घेतला नाही. केतकी म्हणाली, “अगं, ती उशीत तोंड खुपसून बसलीय. तुझं नाव काढलं तर दार लावून घेते.”

ग्रेगनं मला केबिनमध्ये बोलावलं. “मी तुला टीचर्सना ट्रेन करायला पाठवलं होतं. त्यांचं स्टेज रिकामं करायला नाही.”

“हाड मोडलं असतं, ग्रेग.”

“मला माहितेय. पण रविवारी त्या आल्याच नाहीत तर पुढच्या मुलीचं काय?”

तो बरोबर बोलत होता, म्हणून जास्तच राग आला. शनिवारी मी माझ्या सगळ्या स्लाइड्स डिलीट केल्या. उरलं काहीच नाही, म्हणून रविवारी फक्त एक मार्कर घेऊन गेले. सातपैकी सात जणी आल्या. कॅथलीनबाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

मी व्हाइटबोर्डवर इंग्रजी अक्षरांत चार मराठी शब्द लिहिले. अवघडलंय, दुखतंय, कळ येते, ठणकतंय. मग समजावून सांगितलं. अवघडलंय म्हणजे आखडलंय, वॉर्मअप करा आणि नाचा. दुखतंय म्हणजे काल जास्त झालं, आज कमी करा. कळ म्हणजे एकदम सुरी फिरल्यासारखं, आजचा क्लास बंद. ठणकतंय म्हणजे नुसतं बसलं तरी दुखतंय, आईला फोन करा.

“आकडा विचारला की मुली आकडा सांगतात,” मी म्हणाले. “कसं दुखतंय ते विचारा. त्याचं पाठ केलेलं उत्तर त्यांच्याकडे नसतं.”

मग उच्चारांचा वर्ग झाला. ‘अवघडलंय’ कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून त्या जागी ‘स्टिफ’ लिहिलं. ‘कळ’चं ‘कॉल’ झालं. एक टीचर मोठ्यानं म्हणाली, “माझ्या नडगीत कॉल येतोय,” तर शेजारणीनं पर्समधून फोन काढला. ‘ठणक’चं ‘टॉनिक’ झालं. त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की दहा मिनिटं ट्रेनिंग थांबलं. मग जिन-टॉनिकचा विषय निघाला.

हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, आता जोड्या करा आणि एकमेकींना विचारा. कॅथलीनबाई माझ्या वाट्याला आल्या. मी विचारलं, “तुमचं काही दुखतं का? यातलं कुठलं?”

त्या बोर्डाकडे बघत राहिल्या. मग उजव्या खुब्यावर हात ठेवला. “चौथं,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं झाली.”

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“कुणी असं विचारलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग लगेच पाठ ताठ केली आणि बाकीच्यांना ओरडल्या, “गप्पा नकोत, प्रॅक्टिस करा!”

तो बोर्ड त्यांनी पुसू दिला नाही. पुढच्या काही महिन्यांत आमच्याकडे त्या स्कूलच्या बऱ्याच मुली आल्या. आडनावं मर्फी, चेन, रेड्डी, काय वाटेल ती. रिसेप्शनवर येऊन सांगायच्या, “आय हॅव टॉनिक.” आमची नवी रिसेप्शनिस्ट पहिल्या दिवशी घाबरली. पण या मुली स्वतःच्या पायांनी चालत यायच्या, हाडं न मोडता. कॅथलीनबाईही आल्या. आता बुधवारी सकाळची अपॉइंटमेंट त्यांची. माझे व्यायाम घरी करत नाहीत आणि चेहरा न हलवता केले म्हणून सांगतात.

ईरा सहा आठवड्यांनी क्लासला परतली. पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं नाचायची परवानगी होती. मी मुद्दाम बघायला गेले. ती रंगात आली आणि दहाव्या मिनिटाला कॅथलीनबाईंनी संगीत बंद केलं.

“मिस कॅथलीन, आय अ‍ॅम फाइन!” ईरा जवळजवळ रडत ओरडली.

“आय नो, डिअर. सिट.”

ईरा भिंतीला टेकून बसली आणि आम्हा दोघींकडे खाऊ की गिळू अशी बघत राहिली. मुलगी रुसली होती आणि हाड शाबूत होतं. माझ्या धंद्यात यालाच यश म्हणतात.